बॉल मिल घरी बनवताय? मोटर सगळ्यात शेवटी

प्रश्न असा आहे: कुडाळजवळ मातीची भांडी करणाऱ्या एकांना जांभा, भाताच्या तुसाची राख आणि कालवांच्या शिंपल्या दळून घरचंच ग्लेझ, म्हणजे भांड्यावर भट्टीत वितळून बसणारा काचेसारखा थर, करायचं आहे. दळायच्या बॉल मिलसाठी ६ इंची पीव्हीसी पाइपचा जार केलाय, जुन्या सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची मोटर लावलीय, भंगारातले बेअरिंगचे छर्रे टाकलेत. जार पाऊण भरलेला, मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे, आणि सहा तास फिरवूनही हाताला रवाच लागतो. विचारणा अशी, की मोटर आणखी मोठी घेऊ का.

नका घेऊ. तुमच्या मोटरमध्ये दहा दोष असतील, पण ताकद कमी पडणं हा त्यातला नाही. तुमचा जार प्रमाणाबाहेर वेगाने फिरतोय आणि प्रमाणाबाहेर भरलाय. आणखी मोठी मोटर लावलीत तर तीच चूक जास्त वीज खाऊन होईल.

बॉल मिलचं काम कसं चालतं ते एकदा डोळ्यासमोर आणा. जार फिरतो तशा गोळ्या भिंतीबरोबर वर चढतात आणि एका उंचीवरून ढासळत खाली येतात. या ढासळण्यात गोळी गोळीवर घासते, मध्ये सापडलेला कण चिरडतो. वेग वाढवत नेला की एका टप्प्याला गोळ्या खाली पडायचंच थांबवतात. पाण्याची बादली गरगर फिरवली की पाणी सांडत नाही, तसंच. या टप्प्याला क्रांतिक वेग म्हणतात. जारचा आतला व्यास आणि गोळीचा व्यास मीटरमध्ये घ्या, वजाबाकी करा, तिचं वर्गमूळ काढा आणि ४२.३ ला त्याने भागा. उत्तर फेरे प्रति मिनिट.

तुमच्या १६० मिलिमीटर पाइपची भिंत ६ मिलिमीटर धरली तर आतला व्यास १४८. गोळी १५ मिलिमीटरची. वजाबाकी ०.१३३, वर्गमूळ ०.३६५, म्हणजे क्रांतिक वेग सुमारे ११६. तुम्ही फिरवताय १५०. आतले छर्रे भिंतीला चिकटून जारबरोबर जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे फिरतायत, दळत काहीच नाहीत. जो थोडा रवा बारीक झाला असेल तो मोटर सुरू आणि बंद होतानाच्या काही सेकंदांत झाला असेल!

ओल्या दळणाला क्रांतिक वेगाच्या ६० ते ७० टक्के ठेवायचे, म्हणजे तुमच्यासाठी ७० ते ८० फेरे. जार लहान केलात तर हा आकडा वाढतो, मोठा केलात तर कमी होतो. म्हणून दुसऱ्याच्या मिलचे फेरे आपल्या मिलला लावू नयेत. आणि म्हणूनच भाग निवडायचा क्रम उलटा आहे: आधी काय दळायचं ते, मग गोळ्या, मग जार, त्यावरून फेरे, फेऱ्यांवरून पुल्या, आणि मोटर शेवटी. बहुतेक जण घरात पडलेल्या मोटरपासून सुरुवात करतात आणि बाकी सगळं तिच्या मागे फरफटतं.

आता गोळ्या. बेअरिंगचे छर्रे जड असतात आणि दळतात झकास, यात वाद नाही. पण ओल्या दळणात पोलाद झिजून लोखंड ग्लेझमध्ये उतरतं. जांभ्याचं काळं-तपकिरी ग्लेझ असेल तर तिथे लोखंड मुळातच आहे, फारसं बिघडणार नाही. त्याच जारमध्ये उद्या पांढरं किंवा फिकट हिरवं करायला गेलात की ठिपके येतील. शिवाय आपल्याकडच्या हवेत छर्रे दोन दिवस ओले राहिले की गंजाचा थर धरतात, आणि तो थर पुढच्या घाण्यात जातो. वजनाचाही प्रश्न आहे. अर्धा जार छर्ऱ्यांनी भरला तर एकट्या छर्ऱ्यांचं वजन नऊ किलोच्या आसपास जातं. पीव्हीसीला एवढा मार रोजचा सोसत नाही.

काचेच्या गोट्या स्वस्त, पण हलक्या. त्यांचे टवके उडतात, आणि काचेतला सोडा ग्लेझमध्ये जाऊन त्याचा वितळणबिंदू सरकवतो. नदीतले गोटे चालतील का, तर पांढऱ्या गारगोटीचे, गुळगुळीत, अंड्यासारखे गोल असतील तर चालतील. काळ्या दगडाचे किंवा जांभ्याचे नकोत, ते स्वतःच दळले जातात. गारगोटीची घनता जेमतेम २.६५ असल्याने वेळ जवळजवळ दुप्पट धरा. माझं मत विचाराल तर पैसे खर्च करायचे ते इथेच: ९० टक्क्यांच्या वरच्या अ‍ॅल्युमिनाच्या गोळ्या. हे कठीण पांढरं सिरॅमिक, घनता ३.६ च्या आसपास, झीज नगण्य, आणि झिजलं तरी ग्लेझला अ‍ॅल्युमिना परका नाही. एकाच मापाच्या घेऊ नका. निम्म्या १५ मिलिमीटरच्या, पाव २० च्या, पाव १० च्या. मोठ्या गोळ्या रवा फोडतात, लहान गोळ्या त्याचं पीठ करतात.

जार किती भरायचा, यात तुमची दुसरी चूक आहे. जार पाऊण भरला की गोळ्यांना ढासळायला जागाच उरत नाही. २२ सेंटिमीटर लांबीच्या तुमच्या पाइपची आतली जागा सुमारे ३.८ लिटर. गोळ्यांनी निम्मा जार भरा, म्हणजे ओतीव मापाने १.९ लिटर. अ‍ॅल्युमिनाच्या असतील तर ४ किलोच्या आसपास येतात. आता काला, म्हणजे दळायचा माल आणि पाणी. तो गोळ्यांच्या मधल्या फटी भरून वर जेमतेम अर्धं बोट आला पाहिजे, जास्त नाही. त्यासाठी कोरडा माल ९०० ग्रॅम आणि पाणी ६०० मिलिलिटर घ्या. एकूण ९४० मिलिलिटरच्या घरात बसतं आणि एक लिटर काल्याचं वजन १६०० ग्रॅमच्या आसपास येतं. वरचा जवळजवळ निम्मा जार रिकामा राहतो. तो वाया जात नाही, काम तिथेच चालतं.

तुसाची राख असेल तर हे पाणी पुरणार नाही. ती फुसफुशीत असते, वजनाला कमी आणि पाणी प्यायला पहिली. अर्ध्या तासाने जार उघडून पाहा. काला घावनाच्या पिठासारखा वाहता हवा. इडलीच्या पिठासारखा झाला असेल तर ५०-५० मिलिलिटर पाणी वाढवत जा. घट्ट काल्यात गोळ्या रुततात, आणि फार पातळ असेल तर माल गोळ्यांच्या मधे न सापडता पाण्याबरोबर निसटतो. तेव्हा गोळ्या एकमेकींवरच आपटून झिजतात.

मिलमध्ये टाकण्यापूर्वी माल कसा तयार करता, यावर निम्मा वेळ ठरतो. मिल दगड फोडायला नाही, रव्याचं पीठ करायला आहे. सगळा माल रव्याच्या चाळणीतून, म्हणजे १ मिलिमीटरच्या आतला, चाळूनच टाका. जांभा आधी भाजून घ्या. बिस्किट भट्टीत, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीत, एका कोपऱ्यात, मातीच्या भांड्यात ठेवला तरी पुरे. भाजला की भुसभुशीत होतो आणि लाल रंग पक्का होतो. गोणपाटात गुंडाळून हातोडीने, मग लोखंडी खलात. तुसाची राख काळी असेल तर ती अजून जळायची आहे. काळा कोळसा पाण्यावर तरंगतो आणि दळला जात नाही, म्हणून ती पांढुरकी होईपर्यंत पुन्हा जाळा. या राखेत बहुतांश सिलिका असते, त्यामुळे कासार्ड्याची सिलिका वाळू वेगळी घालायची गरज पाककृतीनुसार कमी होते. वाळू घातलीत तर मात्र तीच सगळ्यात चिवट, आणि दळणाचा वेळ तिच्यावरून ठरवायचा.

शिंपल्यांपाशी जरा थांबा, कारण इथे इजा होऊ शकते. जांभ्याबरोबर शिंपल्याही बिस्किट भट्टीत ढकलायचा मोह होतो. तसं करू नका. साधारण ८५० अंशांच्या वर शिंपलीचा कळीचा चुना होतो. शिंपल्या भाजून चुना करण्याची आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत हीच. बांधकामाला तो उत्तम, पण बंद जारमध्ये पाण्याबरोबर गेला की तो उकळतो, फुगतो, वाफ धरतो, आणि झाकण उडतं किंवा पीव्हीसी मऊ पडून जार फुटतो. शिवाय भाजताना शिंपलीचं वजन ४४ टक्के घटतं, म्हणजे १०० ग्रॅमचे ५६ होतात. पाककृती कच्च्या शिंपल्यांची आणि वजन भाजलेल्यांचं, असा घोळ झाला की ग्लेझ वाहून भट्टीतल्या शेल्फला चिकटतं. शिंपल्या दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, म्हणजे खार निघेल. मग चुलीच्या निखाऱ्यात जेमतेम मंद लाल होईपर्यंत, ५०० ते ६०० अंश, भाजा. एवढ्याने त्या ठिसूळ होतात, बोटांनी चुरडतात, आणि चुना होत नाही. खात्री करायची असेल तर चमचाभर चुरा वाटीत घेऊन पाणी घाला. वाटी गरम लागली तर तो माल मिलमध्ये जायचा नाही.

आता जार. पाइपची जाडी ६ मिलिमीटरच्या आसपास असलेलाच घ्या. पावसाच्या पाण्याचा पातळ पाइप नको. एका टोकाला सपाट तळाची एंड कॅप सॉल्व्हंट सिमेंटने कायमची बसवा. दुसऱ्या टोकालाही तशीच कॅप चिकटवा, पण तिच्या मध्यावर ९० मिलिमीटरचं भोक पाडा. त्यावर १३० मिलिमीटर व्यासाची, ६ मिलिमीटर जाडीची पीव्हीसी किंवा अ‍ॅक्रिलिकची चकती, मध्ये ट्रकच्या ट्यूबची रबरी रिंग, आणि ११० मिलिमीटरच्या वर्तुळावर स्टेनलेसचे सहा ६ मिलिमीटर बोल्ट. बोल्टची डोकी आतून, सिलिकॉन लावून. बाहेरून पंखवाल्या नटा, म्हणजे पाना शोधावा लागत नाही. एक दिवस सुकू द्या, मग नुसतं पाणी भरून रात्रभर आडवा ठेवा. पाझर असेल तर तो पाण्यातच कळलेला बरा.

झाकण आवळायला जारच्या बाहेरून लांब बोल्ट लावायची कल्पना सोडून द्या, जार ज्यांच्यावर फिरणार त्या रोलरला ते लागतात. लोणच्याची चिनीमातीची बरणीही नको. पोट फुगीर आणि गळा अरुंद असल्याने ती रोलरवर सरळ चालत नाही, आणि एकदा तडकली की चार किलो गोळ्या आणि काला अंगणभर.

दोन्ही कॅपमुळे जार आता पाइपवर नाही, कॅपवर टेकणार. कॅपचा बाहेरचा व्यास मोजा. १७२ मिलिमीटरच्या आसपास येईल. पुढचा हिशोब त्यावर.

रोलरसाठी २० मिलिमीटरचे दोन ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी सळ्या. हेच आपले शाफ्ट. त्यावर जाड भिंतीचा रबरी होज चढवायचा, आतून २०, बाहेरून ३२. साबणाच्या पाण्याने चढवा. तेल लावलंत तर तो कायम घसरत राहील. होज चढवायच्या आधी बारला रेड ऑक्साइडचा हात द्या, नाहीतर खारी हवा रबराखाली शिरते आणि दुसऱ्या पावसाळ्यात होज फुगलेला दिसतो. दोन शाफ्टच्या मध्यांतलं अंतर १०५ मिलिमीटर. याहून जवळ आणलेत तर जार डुगडुगतो, फार लांब नेलेत तर रोलरमध्ये रुततो आणि रबर खातो.

इथे एक अडचण येते, ती कागदावर दिसत नाही. २० मिलिमीटर शाफ्टचा प्लमर ब्लॉक, म्हणजे शाफ्ट धरणारा बेअरिंगचा ठोकळा, यूसीपी २०४, पायाला १२७ मिलिमीटर लांब असतो. शाफ्ट १०५ वर ठेवले तर शेजारी-शेजारी दोन ब्लॉक मावतच नाहीत. मग लोक शाफ्ट लांब सरकवतात आणि जार रुतवून घेतात. त्यापेक्षा दुसऱ्या शाफ्टचे ब्लॉक पहिल्याच्या मागे ५० मिलिमीटर सरकवून लावा. ब्लॉकची जाडी ३८ मिलिमीटर असते, आरामात बसतात. शाफ्ट तेवढा लांब कापा म्हणजे झालं.

एकाच शाफ्टला पुली लावायची, दुसरा मोकळा फिरू द्यायचा. जार ७५ फेरे हवा असेल तर शाफ्ट ७५ गुणिले १७२ भागिले ३२, म्हणजे सुमारे ४०० फेरे. मोटर १४४० ची. प्रमाण ३.६ ला १. मोटरवर २ इंची आणि शाफ्टवर ७ इंची पुली घेतली तर जारला ७७ फेरे मिळतात. पट्टा-रबर थोडं घसरतंच, प्रत्यक्षात ७४-७५ धरा. फक्त ए सेक्शनच्या (ए मापाच्या व्ही) पट्ट्याला २ इंची पुली आवडत नाही, वळण फार तीव्र पडतं आणि पट्टा लवकर तडकतो. अडीच इंची आणि ९ इंची मिळाली तर पट्टा जास्त टिकेल, फेरे जवळपास तेवढेच. मोठी पुली शाफ्टच्या खाली साडेतीन-साडेचार इंच उतरते आणि ब्लॉकची उंची जेमतेम सव्वा इंच आहे, म्हणून ४० बाय ४० च्या अँगलची फ्रेम पाय देऊन उचला आणि पुली बाहेरच्या बाजूला काढा. फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजून सारखे करा. शाफ्ट समांतर नसले तर जार एका बाजूला सरकत जातो. थोडा सरकणारच, त्यासाठी टोकाला नायलॉनची गोटी किंवा जुनं बेअरिंग अडसर म्हणून लावा.

आता मोटर. हा जार फिरवायला घर्षण धरूनही ५० वॉट पुरतात. म्हणून पाव हॉर्सपॉवरची, १४४० ची, बंद बॉडीची, मागे पंखा असलेली सिंगल फेज मोटर भरपूर झाली. शाफ्ट लांब केलेत तर तिच्यावर दोन जार चालतील. वॉशिंग मशीनची मोटर थोडा वेळ फिरून थांबण्यासाठी, उलट-सुलट वळण्यासाठी केलेली असते. आठ तास सलग चालवली की तापते. चाचणीला वापरा, वर पंखा सोडून, तासाभराच्या आत. मिक्सरची मोटर मुळीच नको. तिचे फेरे हजारोंत असतात, आणि पाटीवरच ३० मिनिटांची मर्यादा लिहिलेली असते.

आपल्याकडच्या विजेचं तुम्हाला सांगायला नको. व्होल्टेज २३० चं १७० झालं की मोटरचा जोर निम्म्यावर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. चालू मिल चालत राहते, पण थांबलेली सुरू होत नाही, नुसती गुणगुणते आणि जळते. दुसरं, लाइट गेली आणि रात्री दोनला आली की मिल आपोआप सुरू होते, आणि तेव्हा जारचं झाकण काढून ठेवलेलं असू शकतं. म्हणून साध्या बटणाऐवजी नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावा. लाइट आली तरी तुम्ही दाबल्याशिवाय तो चालू होत नाही. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) यात काटकसर नको, पाणी आणि वीज इथे हातभर अंतरावर आहेत. मोटर जारच्या खाली कधीच नको, बाजूला, पत्र्याच्या झाकणात. पट्ट्यावर जाळी हवीच.

म्हणजे आकडे असे जमले: आतून १४८ चा जार, ४ किलो गोळ्या, ९०० ग्रॅम माल, ६०० मिलिलिटर पाणी, ७५ फेरे. नवीन गोळ्या असतील तर पहिला घाणा नुसत्या वाळू-पाण्याचा तीन तास फिरवून फेकून द्या, त्यावरची धूळ आणि टवके निघून जातात. मग जांभा आणि वाळू असेल तर ती आधी तीन तास, त्यानंतर राख आणि शिंपल्या दोन तास, आणि चायना क्ले, म्हणजे बारीक पांढरी माती, अगदी शेवटच्या अर्ध्या तासात, तिला दळायचं नसतं, फक्त मिसळायचं असतं. जारवर खडूची खूण करून एक मिनिट फेरे मोजा. हिशोबावर विसंबू नका, होजचा व्यास कधीच सांगितल्याएवढा नसतो.

बाकी कानाने कळतं. मिल बरोबर चालली असेल तर गोट्यांच्या किनाऱ्यावरून लाट मागे जाताना जो सलग खळखळाट होतो, तसा आवाज येतो. टणटण असा सुटा आवाज आला तर काला कमी किंवा फार पातळ. आवाज बसका, मऊ झाला तर काला घट्ट. आणि गोळ्यांचा आवाजच गेला, फक्त रोलरची घरघर राहिली, तर फेरे जास्त झालेत. तुमची मिल आत्ता हेच करत असणार.

झालं की नाही ते चाळणीने ठरवा, घड्याळाने नाही. २०० मेशच्या, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून १०० ग्रॅम कोरड्या मालाएवढा काला धुऊन पाहा. वर दोन ग्रॅमपेक्षा कमी उरला की थांबा. जास्त बारीक म्हणजे जास्त चांगलं असं नाही. अति दळलेलं ग्लेझ सुकताना आकसतं, भेगा पडतात आणि भट्टीत ते गोळा होऊन भांडं उघडं पडतं.

कोरडं दळण या मिलमध्ये करूच नका. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. माल चाळताना, राख भरताना एन-९५ मास्क लावा, आणि सांडलेलं झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. राख आणि चुनकट काला हात खातो, म्हणून रबरी हातमोजे घाला.

जार उघडताना एक-एक नट अर्धा फेरा सैल करत जा, फुस्स झालं तर थांबा. ओतायला रोवळी वापरा: गोळ्या वर राहतात, काला खालच्या बादलीत. दीड-दोनशे मिलिलिटर पाण्याने गोळ्या धुऊन तेच पाणी बादलीत घ्या, नाहीतर प्रत्येक घाण्याला पाव किलो माल गोळ्यांवरच राहील. काला जारमध्ये रात्रभर ठेवू नका. जड माल तळाशी बसून गोळ्यांसकट असा आवळतो, की सकाळी सगळा गठ्ठा एकाच बाजूला राहतो आणि मिल चालू केली की जार रोलरवरून उडी मारतो.